धुराची चव आणायची कुठून? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता "चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका टाका" असं लिहून गेले आणि या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं त्या एका ओळीबद्दलच निघाली. हे काय असतं, कुठल्या नावानं शोधायचं, आणलं पण वास येत नाही, आणलं आणि वास जातच नाही, अशी सगळ्या तऱ्हेची. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हे पान धुरालाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी शाकाहारी आहे, फ्लॅटमध्ये राहते, घरात ग्रील नाही आणि बाल्कनीत शेगडी पेटवायला परवानगी नाही. बीन्सचा एक घट्ट स्ट्यू करून बघितला, रेसिपीत लिहिलेलं की पॅप्रिका टाकली की छान धुरकट चव येते, मी दोन चमचे टाकली, रंग मस्त लाल आला पण धुराचा वास म्हणाल तर अजिबात नाही. माझं काय चुकलं? आणि धुराच्या चवीसाठी घरात नेमकं काय आणून ठेवू?

उत्तर: तुमचं काहीच चुकलेलं नाही हो, रेसिपी लिहिणाऱ्यानं एक शब्द गाळलाय. नुसती पॅप्रिका म्हणजे लाल मिरची वाळवून दळलेली, बहुतेक वेळा बिनतिखट, आणि ती उन्हात नाहीतर गरम हवेवर वाळवलेली असते, म्हणजे धुराशी तिची गाठच पडलेली नसते, मग दोन चमचे टाका नाहीतर दहा, वास येणार कुठून. तुम्हाला हवी होती स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरावर वाळवून मग दळलेली. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात पॅप्रिकाच लिहिलेलं असतं आणि रंगही सारखाच, त्यामुळे ही गफलत भल्याभल्यांची होते.

मी यावर एवढा जोर देतेय कारण पुढचं सगळं यावरच आहे. धुराची चव हवी असेल तर जी वस्तू स्वतः धुरात बसून आली आहे ती शोधायची. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, तुटतं आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं बाहेर पडतात, आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः यांचा. ती ओलसर पृष्ठभागावर जाऊन बसतात, म्हणून ताजी मिरची मंद धुरावर हळूहळू वाळवली की वास तिच्यात मुरतो, आणि आधीच कडक वाळलेल्या मिरचीला नंतर दोन मिनिटं धूर दाखवला तर तेवढा मुरत नाही.

स्मोक्ड पॅप्रिकामध्ये सगळ्यात नावाजलेली स्पेनची, एक्स्त्रेमादुरा भागातल्या ला वेरा खोऱ्यातली. तिथे मिरच्या ओक लाकडाच्या मंद धगीवर साधारण दोन आठवडे वाळवतात आणि रोज हातानं उलट्यापालट्या करतात, मग दळतात. तिला पिमेंतोन दे ला वेरा म्हणतात आणि हे नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावता येतं. तीन प्रकार मिळतात, दुल्से म्हणजे गोडसर बिनतिखट, आग्रिदुल्से म्हणजे मधली, आणि पिकान्ते म्हणजे तिखट. नुसतं पिमेंतोन वाचून घेऊ नका, कारण स्पेनमध्येच मुर्सिया भागातली पिमेंतोन उन्हात वाळवतात आणि तिला धूर नसतो. डब्यावर 'स्मोक्ड' किंवा स्पॅनिशमध्ये 'आउमादो' लिहिलंय का बघा, आणि मग घटकांची यादी वाचा. यादीत फक्त मिरची असेल तर उत्तम. मिरची, मीठ, स्मोक फ्लेवर असं लिहिलेलं असेल तर साध्या पॅप्रिकावर वास मारलेला आहे, फसवणूक म्हणणार नाही मी पण पहिली वस्तू मिळत असताना ही कशाला घ्या.

शाकाहारी घरात एकच वस्तू आणायची झाली तर मी डोळे झाकून हीच सांगेन, त्यातही दुल्से. तिखटपणा तुम्ही वेगळा घालू शकता, धूर वेगळा घालणं तेवढं सोपं नाही.

दुसरी वस्तू चिपोतले. पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवली की ती चिपोतले होते, मेक्सिकोची, आणि हे नावही तिथल्या नाहुआत्ल भाषेतलं आहे, मिरची आणि धूर हे दोन शब्द जोडून झालेलं. मोरिता नावाची लहान, काळपट जांभळी, किंचित फळासारखी गोडसर असते आणि मेको मोठी, फिकट तपकिरी, जास्त वेळ धुरात राहिलेली, वास घेतला तर जुन्या लाकडी पेटीसारखा येतो. तिखटपणा मात्र लक्षात घ्या, हालापेन्यो साधारण 2,500 ते 8,000 स्कोव्हिलची (हे तिखटपणा मोजायचं एकक) असते आणि वाळल्यावर तो तिखटपणा एवढ्याशा आकारात येतो, म्हणून चार माणसांच्या भांड्याला सुरुवातीला एकच. गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा, बिया काढा, थोड्या भिजवलेल्या पाण्यासकट वाटा. अडोबो नावाच्या आंबट-तिखट मेक्सिकन सॉसमधली डबाबंद पण मिळते, ती उघडली की उरलेली वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एकेक तुकडा महिनोन्महिने कामाला येतो.

तिसरी वस्तू तुमच्या डब्यात कदाचित आधीच असेल, मसाला वेलदोडा, म्हणजे मोठी काळी वेलची. नेपाळ, सिक्कीम, भूतानकडे ती भट्टीत लाकडाच्या धगीवर वाळवतात आणि धुराचा वास तिला तिथेच लागतो. सुधारित भट्ट्यांमध्ये धूर न लागू देता वाळवलेली पण मिळते, तिचा रंग लालसर छान राहतो पण आपल्याला हवं ते तिच्यात नसतं, त्यामुळे घेताना एक फोडून नाकाशी धरा. तिला कापरासारखा वासही असतो, म्हणून बीन्समध्ये एक किंवा दोनच, ठेचून, अगदी सुरुवातीला तेलात, आणि शेवटी काढून टाका.

आता वापरायची कशी. इथे घाई करू नका कारण अर्ध्या तक्रारी इथून येतात. स्मोक्ड पॅप्रिका कडक तापलेल्या तेलात टाकली की काही सेकंदांत करपते आणि कडू होते, त्यात साखर असते ना मिरचीची. आणि शेवटी नुसती वरून भुरभुरली तर कच्ची लागते, पीठ खाल्ल्यासारखी. मधला रस्ता असा की कांदा तेलात मंद आचेवर चांगला तपकिरी होऊ द्या, वीस मिनिटं लागली तर लागू देत, मग गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा, मग चार माणसांना एक चहाचा चमचा पॅप्रिका टाका आणि हलवत राहा. तेल कडेनं गडद लाल सुटताना दिसेल आणि वास अचानक वर येईल, तेवढ्यात टोमॅटो किंवा पाणी घालून तिचं भाजणं थांबवा. रंग आणि वास दोन्ही तेलात उतरतात म्हणून तेलात कंजूषी केली तर चव बसत नाही.

तुमच्या स्ट्यूसाठी अजून दोन गोष्टी सांगते. टोमॅटो पेस्ट घालत असाल तर ती आधी तेलात गडद होईपर्यंत परता, आणि शेवटी एक चमचा सोया सॉस आणि अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घाला. दचकू नका. भाजलेल्या कॉफीतही ग्वायाकॉल असतं, तेच धुरातलं, त्यामुळे कॉफी म्हणून लागत नाही, धूर जरा खोल गेल्यासारखा वाटतो. मांसाहारी रेसिपीत स्मोक्ड मांसामुळे जी चव येते ती धूर, मीठ, चरबी आणि खमंगपणा या सगळ्यांची मिळून असते, म्हणून नुसता धूर घातला की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि मग माणूस अजून धूर घालत बसतो.

प्रश्न: मी लिक्विड स्मोकची बाटली मागवली आणि मोठ्या हौसेनं टोमॅटो सॉसमध्ये एक मोठा चमचा टाकला. सगळं भांडं औषधासारखं, डांबरासारखं लागायला लागलं, घरचे जेवले नाहीत. हे केमिकल आहे का? आणि तो सॉस अजून फ्रीजमध्ये आहे, वाचेल का?

उत्तर: आधी सॉसचं बघू. धुराचा अतिरेक उकळून जात नाही, त्यामुळे गॅसवर ठेवून आटवू नका, आटवल्यानं उलट वाढेल. त्यावर खरा उपाय एकच, पातळ करणं. लिक्विड स्मोक न घातलेला तेवढाच नाहीतर दुप्पट सॉस करा आणि हा त्यात थोडा थोडा मिसळत चाखत जा. उरलेला छोट्या डब्यांत गोठवून ठेवा, पुढच्या वेळी दोन चमचे मसाल्यासारखा वापरता येईल. थोडं क्रीम किंवा लोणी आणि चिमूटभर साखर घातल्यानंही टोक बोथट होतं, लिक्विड स्मोक मुळात आंबट असतं म्हणून लिंबू वगैरे मात्र घालू नका.

केमिकल म्हणाल तर ते खऱ्या धुराचंच पाणी आहे. लाकडाचा भुसा किंवा चिपा कमी हवेत तापवतात, जो धूर निघतो तो थंड करून पाण्यात धरतात, मग काही काळ तसंच ठेवून डांबरासारखा भाग खाली बसू देतात आणि गाळतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्यानं 1895 साली असं बाटलीतलं द्रव विकायला काढलं, आणि त्याची गोष्ट अशी सांगतात की लहान वयात त्यानं स्टोव्हच्या धुराड्यावरून ओघळणारे काळे थेंब बघितले होते आणि वास ओळखीचा वाटला. लाकडाप्रमाणे वासही बदलतो, हिकरी भरदार, सफरचंदाच्या लाकडाचा सौम्य, आणि मेस्कीटचा इतका उग्र की नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. घेताना यादी वाचा, पाणी आणि धूर एवढंच असलेलं घ्या, कॅरामेल रंग, साखर, व्हिनेगर भरलेलं नको.

मोजमाप चमच्यात करायचंच नाही, थेंबात करायचं. मी काय करते सांगते, एका छोट्या वाटीत दोन मोठे चमचे पाणी घेते आणि त्यात पाव चहाचा चमचा लिक्विड स्मोक मिसळते. पाण्याचा रंग फिक्या चहासारखा होतो. गॅस बंद केल्यावर हे पाणी भांड्यात अर्धा चमचा घालायचं, ढवळायचं, एक मिनिट थांबायचं आणि मग चाखायचं, पुन्हा अर्धा चमचा. एक मिनिट थांबणं महत्त्वाचं आहे कारण वाफ जोरात असताना नाक भरून जातं आणि खरं कळत नाही. चार-पाच माणसांच्या भांड्याला ते वाटीतलं सगळं पाणी क्वचितच लागतं. आणि चाखायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, जो इतका वेळ स्वयंपाकघरात नव्हता, कारण आपलं नाक दहा मिनिटांत त्या वासाला सरावतं आणि आपण घालतच जातो. तुमच्याकडून एका मोठ्या चमच्याचा अंदाज तिथेच चुकला असणार.

प्रश्न: युरोपमध्ये स्मोक फ्लेवरवर बंदी आली असं वाचलं. मग आम्ही हे वापरायचं की नाही? घरात लहान मुलं आहेत.

उत्तर: प्रश्न अगदी योग्य आहे आणि याचं उत्तर मी गुळमुळीत देणार नाही. युरोपात अन्नात घालायच्या धुराच्या अर्कांना, म्हणजे लिक्विड स्मोकसारख्या वस्तूंना, 2003 च्या नियमाखाली वेगळी परवानगी लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनं परवानगी असलेल्या आठ अर्कांचा नव्यानं अभ्यास केला आणि सांगितलं की पेशींतल्या आनुवंशिक घटकाला, म्हणजे डीएनएला, इजा होण्याची शंका आठांपैकी काहींबाबत पक्की आहे आणि उरलेल्यांबाबत ती नाकारता येत नाही. त्यावरून 2024 मध्ये या आठांच्या परवानग्या पुढे न वाढवण्याचा निर्णय झाला, आणि सूप, सॉस, चिप्स अशा जिथे तो वास वरून घातला जातो त्या पदार्थांना दोन वर्षांची तर हॅम, मासे, चीज अशा जिथे तो पारंपरिक धुराऐवजी वापरतात त्यांना पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे शेल्फवरून रातोरात सगळं उचललं असं झालेलं नाही, पण शंका खरी आहे आणि ती धरून चाललेलं बरं.

मात्र यातून "बाटली वाईट आणि खरा धूर चांगला" असा निष्कर्ष काढू नका, तो चुकीचा होईल. लाकूड किंवा चरबी जळताना पीएएच नावाचा संयुगांचा गट तयार होतो, त्यातल्या बेन्झोपायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. जाळ जितका तापतो तितके हे वाढतात, आणि निखाऱ्यावर चरबी ठिबकून धूर झाला की अजून. लिक्विड स्मोक बनवताना डांबराचा भाग काढल्यामुळे पीएएच बरेच कमी होतात, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत. म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं आहे, दोन्हीपैकी कुणालाच रोजच्या जेवणात जागा नाही.

माझ्या घरात मी बाटली महिन्यातून एखादवेळी काढते, ती पण थेंबांत. लहान मुलांच्या ताटात वेगळं धुरकट काही घालत नाही, त्यांना त्याची गरजही नसते. पॅप्रिका आणि वेलदोडासुद्धा धुरातूनच आलेले असतात पण चार जणांच्या भांड्यात चमचाभर म्हणजे एकेकाच्या ताटात अगदीच थोडं येतं, त्याची मी काळजी करत नाही. गरोदर असाल किंवा काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारा, इथे माझ्या शब्दावर जाऊ नका.

प्रश्न: जेवणाच्या भांड्यात वाटी ठेवून त्यात पेटता कोळसा आणि वर तूप टाकून धुंगार देतात, ते केलं तर हे सगळं आणायची गरजच काय? पण मागच्या वेळी घरभर धूर झाला आणि डोकं दुखलं.

उत्तर: डोकं दुखलं हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून आधी तेच. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची पहिली लक्षणं. खिडक्या बंद ठेवून, एसी लावून, छोट्या स्वयंपाकघरात कोळसा पेटवायचा नाही म्हणजे नाही. खिडकी सताड उघडी, एक्झॉस्ट चालू, आणि काम झालं की निखारा चिमट्यानं उचलून पाण्यात पूर्ण बुडवून विझवायचा, कचऱ्याच्या डब्यात तसाच टाकायचा नाही. पुन्हा कधी डोकं दुखायला लागलं तर कोळसा विझवा, लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा, आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे.

कोळसा साध्या लाकडाचा घ्या. चटकन पेटणाऱ्या विकतच्या विटा असतात त्यांत पेटवायला रसायन घातलेलं असतं, त्याचा वास अन्नात उतरतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड यांचे तुकडे तर कधीच नाही.

आणि एक गंमत या पद्धतीतली. कोळसा करताना लाकडातले बहुतेक वासाचे पदार्थ आधीच उडून गेलेले असतात, त्यामुळे लालभडक निखाऱ्याला स्वतःचा असा फारसा वास नसतो. तुम्हाला जो वास येतो तो त्यावर टाकलेल्या तुपाच्या जळण्याचा. म्हणून तेलाचा धुंगार वेगळा लागतो आणि तुपाचा वेगळा, आणि त्यात लवंग टाकली तर तिचाही येतो. हा वास छान असतो, मला फार आवडतो, पण तो लाकडाच्या धुराचा वास नाही, तुमच्या बीन्सना ओकच्या धुरातली मिरची जे देते ते यानं येणार नाही. शिवाय तो वर वर बसतो, दुसऱ्या दिवशी बराचसा उडालेला असतो. करायचाच तर निखारा पूर्ण लाल होऊ द्या, काळा भाग उरला तर धूर घशाला लागतो, तूप अर्धा चमचा बास, झाकण घट्ट, आणि दोन ते तीन मिनिटांत उघडा. पाच मिनिटांच्या पुढे गेलं की कडवटपणा येतो.

प्रश्न: ताई, मी हॉस्टेलला राहतो, एक इंडक्शन आणि एक पॅन एवढंच आहे. ॲक्टिव्हेटेड चारकोलची पावडर मित्राकडे आहे, ती टाकली तर स्मोकी लागेल का?

उत्तर: नाही रे बाबा, आणि टाकूही नकोस. ती पावडर इतकी शुद्ध केलेली असते की तिला ना वास ना चव, अन्न फक्त काळं होईल. वर ती पोटात गेल्यावर औषधं शोषून घेते, कुणी रोजची गोळी घेत असेल तर ती गोळी फुकट जाईल. तुझ्यासारख्याला स्मोक्ड मीठ सगळ्यात सोपं. खरं स्मोक्ड मीठ थंड धुरात बरेच तास, कधी कधी काही दिवस ठेवलेलं असतं, उकडलेल्या अंड्यावर, बटाट्यावर, टोमॅटोच्या फोडीवर, ब्रेडवर लोणी लावून त्यावर, कुठेही वरून चिमूटभर घाल, शिजवायची भानगडच नाही. शिजताना पाण्यात टाकलंस तर तेवढासा वास सगळ्या भांड्यात हरवतो आणि नुसतं मीठ जाणवतं, म्हणून वरूनच. लेबलवर मीठ आणि लाकडाचं नाव एवढंच हवं. आणि नेहमीचं मीठ तेवढं कमी घाल, नाहीतर खारट होईल.

प्रश्न: तिखट अजिबात चालत नाही, मिरचीचा कुठलाच प्रकार नको, पित्ताचा त्रास आहे. मशरूम आणि टोफूला धुराची चव कशी आणू?

उत्तर: तुमच्यासाठी चहा. लॅपसांग सूचाँग नावाचा काळा चहा चीनमधल्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरात होतो, त्याची पानं पाइन लाकडाच्या धुरावर वाळवतात. डबा उघडला की शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटतं. हल्ली धूर न दिलेलाही याच नावानं येतो, तो पिण्यासाठी चांगला असेल पण आपल्या कामाचा नाही, तेवढं विचारून घ्या. एक कप गरम पाण्यात एक मोठा चमचा पानं टाकून पाच मिनिटं झाकून ठेवा, उकळू नका नाहीतर तुरट होतं, गाळा, त्यात मीठ, थोडा सोया सॉस आणि चमचाभर मध घाला आणि टोफूचे तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये मुरवा. टोफू आधी फडक्यात दाबून पाणी काढलेला हवा, पाणी भरलेला टोफू काहीच ओढून घेत नाही. सकाळी तुकडा कापला तर कडेला तपकिरी रेघ आत गेलेली दिसते, मग थोड्या तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. मशरूमला उलटं करा, आधी कोरड्या पॅनमध्ये परतून त्यांचं पाणी आटवा, मग हाच चहा दोन-तीन चमचे टाका, स्पंजसारखे पिऊन घेतात. हा चहाच आहे, म्हणजे कॅफिन आलंच, पित्ताला चहा चालत नसेल तर वर सांगितलेलं स्मोक्ड मीठ घ्या.

प्रश्न: स्मोक्ड पॅप्रिकाचा डबा दोन वर्षं पडून आहे, वास गेलाय. जास्त टाकली तर चालेल?

उत्तर: चालणार नाही, वास गेला तरी मिरचीचा कडवटपणा जात नाही, जास्त टाकली की तोच वाढेल. थोडी कोमट तेलात टाकून बघा, अर्ध्या मिनिटात वास वर आला तर अजून जीव आहे, नाही आला तर रंगापुरती वापरून संपवा. नवीन आणाल तेव्हा लहानातला लहान डबा घ्या, शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, उजेड आणि उष्णता दोन्ही तिला मारतात. उघडल्याची तारीख पेनानं झाकणावर लिहा आणि सहा-आठ महिन्यांत संपवा. आणि वाफ येणाऱ्या भांड्यावर डबा उलटा करून कधीच झटकू नका, ओल आत गेली की गुठळ्या होतात आणि त्यांना बुरशी धरते, कोरड्या चमच्यानं काढा.